डिझेल-पेट्रोल सांडलेल्या मातीची तपासणी: नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

'माती परीक्षण' म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच पद्धत आठवते. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, माती घमेल्यात एकत्र करायची, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली सावलीत वाळवायची आणि कापडी पिशवीत भरून पाठवायची. नत्र, स्फुरद, पालाश बघायला ही पद्धत उत्तम आहे. इंधन सांडलेल्या मातीसाठी मात्र यातली जवळजवळ प्रत्येक पायरी घातक आहे. माती मिसळली की पेट्रोल उडून जातं, वाळवली की उरलंसुरलंही जातं, आणि कापडी पिशवीतून निघालेला वास वाटेतच संपतो. शिवाय खतांची शिफारस करणाऱ्या प्रयोगशाळेत हायड्रोकार्बन मोजायची सोय सहसा नसते. उलट तिथल्या अहवालात सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसू शकतो, कारण डिझेल हाही कार्बनच. असा कागद हातात घेऊन 'जमीन सुधारली' म्हणणारे भेटतात.

पर्यावरण सल्लागाराकडे किंवा प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या बांधाला टँकर उलटला आणि आता भरपाईसाठी अहवाल हवा आहे, त्यांनाही उपयोग होईल.

काय सांडलं ते आधी लिहून काढा

प्रयोगशाळेला 'मातीत तेल आहे का बघा' असं सांगून चालत नाही. तुम्ही जे मागाल तेच ती मोजेल. पेट्रोल म्हणजे साधारण ४ ते १२ कार्बनच्या हलक्या रेणूंचं मिश्रण. डिझेल साधारण १० ते २५ कार्बनचं. रॉकेल या दोघांच्या मधलं. फर्नेस ऑइल आणि गॅरेजमधलं काळं ऑइल त्याहून जड. यंत्र तेच असलं तरी प्रत्येकासाठी नमुन्याची बाटली, द्रावक आणि मोजायची कक्षा वेगळी.

पेट्रोल असेल तर बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन ही चौकडी मागा. तिला बीटेक्स म्हणतात. सोबत हलक्या कक्षेचा टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. भारतातल्या पेट्रोलमध्ये बेंझिनला आकारमानाने १ टक्क्याची मर्यादा आहे. एवढंसंच, असं वाटेल. पण बेंझिन कर्करोगकारक आहे आणि इंधनातल्या बाकीच्या घटकांच्या मानाने पाण्यात चांगलंच विरघळतं, त्यामुळे जवळ विहीर असेल तर सगळं लक्ष या एका टक्क्यावर ठेवायचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, टीपीएचच्या आकड्यात येत नाही, आणि जमिनीतले जिवाणू आधी त्याच्यावर ताव मारतात. तोवर बेंझिन तसंच पुढे सरकत राहतं.

डिझेल असेल तर सी-१० ते सी-२८ (म्हणजे १० ते २८ कार्बनच्या) कक्षेतला टीपीएच आणि पीएएच, म्हणजे अनेक कडी जोडलेल्या हायड्रोकार्बनच्या गटातली संयुगं, निदान नॅप्थलीन. काळ्या ऑइलला सी-४० पर्यंतची कक्षा आणि सोबत जड धातू. जागा जुन्या पेट्रोल पंपाची असेल तर शिसंही तपासा, कारण आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं आणि शिसं काही उडून जात नाही.

जमलं तर सांडलेल्या इंधनाचाच थोडा नमुना टँकरमधून किंवा टाकीतून काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. पुढे 'हे आमचं डिझेल नाहीच' असा वाद निघाला की हीच बाटली कामाला येते.

किती आकडा येईल, याचा अंदाज बांधा

हे गणित फार थोडे लोक करतात, म्हणून मुद्दाम मांडतो. १०० लिटर डिझेल म्हणजे सुमारे ८३ किलो. ते १० घनमीटर मातीत मुरलं असं धरू. घनमीटरला १.६ टन धरले तर माती १६ टन, म्हणजे १६,००० किलो. ८३ किलोला १६,००० ने भागलं की किलोमागे सुमारे ५.२ ग्रॅम, म्हणजेच ५२०० मिलिग्रॅम प्रति किलो. प्रत्यक्षात डिझेल असं सारखं पसरत नाही, पण कोणत्या पट्टीतला आकडा अपेक्षित आहे ते कळतं. अहवालात ४० आले तर नमुन्याची जागा चुकली असावी. ४ लाख आले तर एकक चुकलं असावं, कारण मग मातीत चाळीस टक्के डिझेल भरलेलं असायला हवं.

जागा आणि खोली

टँकर उलटला की कॅन घेऊन गर्दी होते, पाठोपाठ जेसीबी येतो आणि माती उलटीपालटी होते. शक्य असेल तर त्याआधी पोचा. नाही जमलं तर माती कुठून कुठे हलवली त्याचा कच्चा नकाशा तिथल्या माणसांना विचारून काढा.

नमुने निदान चार प्रकारच्या जागांवरून हवेत. जिथे डबकं साचलं होतं ती जागा. उताराच्या दिशेने खाली, नाल्याकडे किंवा विहिरीकडे. याच ठिकाणी आणखी खोल. आणि चौथा नमुना चढाच्या बाजूने, जिथे इंधन पोचलंच नाही अशा त्याच प्रकारच्या मातीचा. हा चौथा नमुना पैसे वाचवायला सगळ्यात आधी कापला जातो. त्याच्याविना बाकीचे आकडे लोंबकळत राहतात. का, ते पुढे येईलच.

खोलीबाबत माझं मत ठाम आहे. बजेट कमी असेल तर पृष्ठभागावरचे वीस नमुने घेण्यापेक्षा चार जागी तीन-तीन खोलींवर घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात आणि डिझेल त्या भेगांतून थेट खाली उतरतं. वरची चार बोटं माती स्वच्छ आणि दीड मीटरवर मुरमात वास, हे इथे नेहमीचं आहे. मुरमाखाली बसाल्टच्या फटी लागल्या की इंधन कुठे वळेल ते जमिनीच्या उतारावरून सांगता येत नाही. म्हणून ० ते १५ सेंटीमीटर, ३० ते ६० सेंटीमीटर आणि मुरूम जिथे सुरू होतो तिथे, असे तीन थर घ्यावेत. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे भूजलाच्या पातळीवर येऊन तरंगतं. खड्ड्यात पाणी लागलं तर पाण्याच्या लगेच वरचा ओला थर सोडू नका.

खोल खड्ड्यात उतरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते. एक ठिणगी पुरते. मोबाइल, विडी, चालू इंजिन लांब ठेवा. बाटलीला नाक लावून 'आहे वास' म्हणायची सवय जुन्या लोकांना असते, ती उचलू नका.

जागेवर चटकन चाचपायचं असेल तर पीआयडी (फोटोआयनायझेशन डिटेक्टर) हे हवेतली वाफ मोजणारं हातातलं यंत्र वापरतात. माती झिपच्या पिशवीत निम्मी भरायची, दहा मिनिटं थांबायचं, मग नळी टोचून आतली वाफ मोजायची. पेट्रोलला ते छान दाद देतं, डिझेलला कमी, आणि पावसाळी दमट हवेत त्याच्यावर फार विसंबू नये. यंत्र नसेल तर पांढऱ्या भांड्यात पाणी घेऊन त्यात मूठभर माती ढवळा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला की काडीने तोडून बघा. तुटलेला तवंग पुन्हा जुळला तर तेल. पापुद्र्यासारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर लोहाच्या जिवाणूंचा थर. कोकणातल्या जांभ्या जमिनीत हा दुसरा प्रकार बराच दिसतो आणि उगाच घबराट उडवतो. ही झाली नमुन्याची जागा निवडायची युक्ती. अहवालात तिला स्थान नाही.

नमुना घेताना

हातमोजे नायट्रिलचे घाला, प्रत्येक जागी नवे. वाटेत पंपावर थांबून गाडीत इंधन भरलं असेल तर त्याच हातांनी बाटल्यांना हात लावू नका. वासाचा मार्कर पेनही लांब ठेवा, त्यातलं द्रावक बीटेक्समध्ये उतरू शकतं. खुरपं आणि हाताने फिरवायचं ऑगर स्टीलचं असावं, आणि दोन जागांच्या मध्ये साबणाने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने विसळलेलं.

डिझेलसाठी रुंद तोंडाची गडद काचेची बाटली, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. उघडी पडलेली वरची माती खरवडून बाजूला करा, आतली ताजी माती घ्या, दगड आणि मुळं काढा, बाटली काठोकाठ भरा, तोंडाच्या आट्यांवरची माती पुसा आणि झाकण घट्ट लावा. प्लास्टिकची बरणी चालत नाही. इंधन प्लास्टिकमध्ये मुरतं आणि प्लास्टिकमधले पदार्थ मातीत येतात. दोन्हींकडून आकडा बिघडतो.

पेट्रोलसाठी हेही पुरत नाही, कारण बाटली उघडली की बेंझिन चाललं. प्रयोगशाळेकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागवा. त्यांत ५ मिलिलिटर मिथेनॉल आधीच भरलेलं आणि कुपी वजन करून ठेवलेली असते. टोक कापलेली प्लास्टिकची सिरिंज खड्ड्याच्या ताज्या भिंतीत खुपसा, साधारण ५ ग्रॅम मातीची गोळी घ्या, ती कुपीत ढकला आणि दोन सेकंदांत झाकण लावा. कुपीवर जास्तीचं लेबल किंवा चिकटपट्टी लावू नका, वजन चुकेल. त्याच जागेची थोडी माती वेगळ्या बाटलीत घ्या, ओलावा मोजायला. आणि काहीही झालं तरी पेट्रोलचे नमुने एकत्र मिसळू नका.

प्रत्येक बाटलीवर जागेचा क्रमांक, खोली, तारीख, वेळ. वहीत मातीचा रंग, ओल, वास. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि एखाद्या पक्क्या खुणेसकट फोटो. विजेचा खांब किंवा कोपऱ्यावरचा बांध चालेल. दर दहा-बारा नमुन्यांमागे एका जागेचे दोन नमुने वेगळ्या क्रमांकांनी पाठवा, प्रयोगशाळेला न सांगता. आणि पेट्रोलच्या बाबतीत प्रयोगशाळेतून आलेली एक कोरी कुपी न उघडता तशीच परत पाठवा. तिच्यात बेंझिन सापडलं तर प्रवासात काहीतरी घोळ झाला आहे.

पेटी आणि घड्याळ

थर्माकोलच्या पेटीत भरपूर बर्फ, बाटल्या झिपच्या पिशव्यांत, कारण वितळलेलं पाणी लेबलं खातं. तापमान ६ अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवं. मिथेनॉल ज्वालाग्राही आहे, त्यामुळे असल्या कुप्या गुपचूप कुरियरने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवू नका, गाडीने स्वतः न्या. त्याच डिकीत इंधनाचा कॅन नको.

ताबापत्रक सोबत असू द्या: नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातात किती वाजता दिला, सील शाबूत होतं का. प्रकरण न्यायालयात किंवा हरित लवादापुढे गेलं तर समोरचा वकील पहिला हात या कागदाला घालतो.

मुदती लक्षात ठेवा. मिथेनॉलमधला नमुना १४ दिवसांत तपासला गेला पाहिजे. हवाबंद नळीत मिथेनॉलविना नुसती माती पाठवली असेल तर ४८ तासांत ती मिथेनॉलमध्ये टाकायला किंवा गोठवायला हवी. डिझेलच्या नमुन्यातून १४ दिवसांत द्रावकात अर्क काढायचा आणि त्यानंतर ४० दिवसांत यंत्रावर चालवायचा. शुक्रवारी संध्याकाळी नमुने पाठवणं टाळा.

प्रयोगशाळा निवडताना

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचं प्रमाणपत्र भिंतीवर असतंच. त्यावर न थांबता त्याच्या व्याप्तीची यादी मागा, ती एनएबीएलच्या संकेतस्थळावरही मिळते. पाण्यातल्या तेलासाठी मान्यता आहे आणि मातीतल्या टीपीएचसाठी नाही, असं सर्रास असू शकतं. मग चार प्रश्न विचारा. कोणती पद्धत? कार्बनची कोणती कक्षा? मोजमापाची खालची मर्यादा किती? सिलिका जेलने शुद्धीकरण करता का? चौथ्या प्रश्नाला पलीकडे शांतता पसरली तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.

डिझेलसाठी ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेची ८०१५ ही पद्धत किंवा सी-१० ते सी-४० साठी आयएसओ १६७०३ चालते. दोन्ही गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. बीटेक्ससाठी ईपीए ८२६०, वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरसह. वजनी पद्धत स्वस्त पडते: द्रावकाने सगळं काढायचं, द्रावक उडवायचं, तळाशी उरलं त्याचं वजन. पण द्रावकासोबत पेट्रोल आणि हलकं डिझेलही उडतं, आणि मातीतली मेणं, चरबी तेल म्हणून मोजली जातात. जड ऑइलला ती ठीक, पेट्रोलला निरुपयोगी.

आत काय घडतं

नमुना आला की तापमान आणि सील बघून नोंद होते. थोडी माती १०५ अंशांवर सुकवून ओलावा काढतात. ही वाळवलेली माती फेकायची, इंधन मोजायला ती वापरायची नाही.

डिझेलचं पुढचं काम असं. १० ते ३० ग्रॅम ओली माती घेऊन तिच्यात निर्जल सोडियम सल्फेट मिसळतात, माती कोरड्या वाळूसारखी सुटी होईपर्यंत. काळी चिकण माती इथे जीव काढते. गोळे राहिले तर द्रावक आत शिरत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. नव्याने लागलेल्यांनी इथे घाई करू नये. मग ऑर्थो-टर्फेनिलसारखं, इंधनात नसणारं एक संयुग ठरावीक मात्रेत टाकतात. हा आपला गुप्तहेर: शेवटी यातलं किती परत मिळालं त्यावरून वाटेत किती गळती झाली ते कळतं. त्यानंतर डायक्लोरोमिथेन किंवा हेक्झेन-असिटोनच्या मिश्रणात अल्ट्रासोनिक यंत्राने, किंवा सॉक्सलेट या द्रावक पुन्हा पुन्हा मातीतून फिरवणाऱ्या उपकरणात १६ ते २४ तास ठेवून अर्क काढतात. अर्क आटवून १ मिलिलिटरवर आणतात. तो पूर्ण कोरडा होऊ द्यायचा नाही. झाला तर डिझेलचा हलका भाग हवेत गेला आणि नमुना पुन्हा पहिल्यापासून.

मग सिलिका जेल. पानांवरची मेणं, कुजलेलं शेणखत, उसाच्या रानात टाकलेलं प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी गाळून उरलेला चोथा), या सगळ्यांतून द्रावकात काही ना काही उतरतं. उसाचं मेण प्रेसमडमध्ये भरपूर असतं. त्यातले ध्रुवीय रेणू सिलिका जेल अडवून ठेवतं आणि पेट्रोलियम खाली सोडतं. पण वनस्पतींच्या मेणातले साधे अल्केन तेही सोडून देतं. म्हणून तो चढावरचा स्वच्छ नमुना हवा: तिथेही ८० आले तर ते ८० तुमच्या जमिनीचेच, टँकरचे नव्हेत.

क्रोमॅटोग्राफमधून निघणारा आलेख बघायला शिका. ताज्या डिझेलमध्ये सारख्या अंतरावर उभे सुळके दिसतात, मधोमध उंच, दोन्हीकडे उतरते. जिवाणूंनी काम सुरू केलं की सरळ साखळीचे हे सुळके झिजतात. त्यांच्याजवळचे प्रिस्टेन आणि फायटेन मागे उरतात, कारण फांद्या असलेली साखळी जिवाणूंना लवकर पचत नाही. आणि खाली एक कुबड वर येतं. सी-१७ चा सुळका प्रिस्टेनपेक्षा बराच खुजा झाला असेल तर ते डिझेल गेल्या आठवड्यात सांडलेलं नाही. याउलट सी-२७, सी-२९, सी-३१ असे विषम आकड्यांचेच सुळके उठून दिसले तर तो बहुधा पालापाचोळा. हा आलेख अहवालासोबत मागून घ्या. पुष्कळदा तो न मागता मिळत नाही.

पेट्रोलच्या कुपीत ही कसरत नसते. मिथेनॉलचा थोडा भाग पाण्यात टाकून त्यातून हेलियमचे बुडबुडे सोडतात, सुटलेली वाफ एका सापळ्यात धरतात आणि तो तापवून यंत्रात सोडतात.

अहवाल हातात आल्यावर

आधी बघा, आकडा कोरड्या वजनावर आहे की ओल्या. ओल्या मातीत ४००० मिलिग्रॅम प्रति किलो आणि ओलावा २० टक्के असेल तर ४००० ला ०.८ ने भागा, कोरड्या वजनावर ५००० होतात. पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला अहवाल शेजारी ठेवताना हा फरक विसरला तर माती आपोआप सुधारल्यासारखी वाटते.

'बीडीएल' (मोजमापाच्या खालच्या मर्यादेच्या आत) म्हणजे शून्य नव्हे. खालची मर्यादा १०० असताना बीडीएल लिहिलं असेल तर ९० सुद्धा असू शकतात. ऑर्थो-टर्फेनिल साधारण ७० ते १३० टक्के परत मिळालेलं असावं. ४० टक्केच मिळालं असेल तर मातीतल्या डिझेलचाही मोठा भाग हातून निसटला असणार. कोऱ्या नमुन्याचा निकाल आणि दोन जुळ्या नमुन्यांतला फरक बघा. मातीत असा फरक तीस-चाळीस टक्के निघाला तर दचकू नका, माती सारखी नसतेच.

निकषांचं प्रकरण जरा जपून. नेदरलँड्सचे आकडे जगभर वापरले जातात: खनिज तेलासाठी हस्तक्षेपाची पातळी, म्हणजे ज्याच्यावर प्रदूषण गंभीर धरलं जातं ती, ५००० मिलिग्रॅम प्रति किलो. हा आकडा मात्र १० टक्के सेंद्रिय पदार्थ असलेल्या प्रमाण मातीसाठी आहे. सेंद्रिय पदार्थ कमी तर निकषही त्याच प्रमाणात खाली येतो, २ टक्क्यांच्या किमान मर्यादेपर्यंत. आपल्याकडच्या बहुतेक कोरडवाहू रानांत सेंद्रिय पदार्थ २ टक्क्यांच्याही आत असतो. म्हणजे इथे ५००० नव्हे, १००० हा आकडा लावायला हवा. ३२०० आलेला नमुना एका वाचनात पास आणि दुसऱ्यात नापास. 'आमचा रिपोर्ट क्लीन आला पाहिजे' म्हणणारे पक्षकार पहिलं वाचन पसंत करतात. भारतात केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. तुमच्या जागेचा निकाल कोणत्या निकषावर ताडायचा, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी घ्या, आणि तेही नमुने घ्यायच्या आधी, म्हणजे प्रयोगशाळेची खालची मर्यादा त्याप्रमाणे ठरवता येते.

खराब माती उचलल्यावर पुन्हा नमुने लागतात. खड्ड्याच्या तळातून आणि चारही भिंतींतून, वास आहे तिथून आधी. हे अहवाल येईपर्यंत खड्डा बुजवू देऊ नका. कंत्राटदाराचा डंपर उभा असतो आणि त्याला घाई असते, म्हणून प्रयोगशाळेशी तातडीच्या तपासणीचे दर आधीच ठरवून ठेवा. उचललेल्या मातीचा ढीग ताडपत्रीवर आणि ताडपत्रीखाली. त्याचीही तपासणी होऊन ती कुठे जायची ते ठरेपर्यंत शेजाऱ्याच्या बांधावर भर म्हणून ती देऊ नका, त्याने मागितली तरी.